होल्ड म्हणजे पकड

दुखान, कतार
एप्रिल १९८३

ती. दाजींच्या पायांवर जालिंदरचं डोकं.

अक्काची कंबर, म्हशीचं दूध आणि तुमचा दमा, तिन्ही जागेवर असतील असं धरून चालतो. माझंही डोकं सोडून बाकी सगळं ठीक आहे.

डोकं फिरवलंय एका गोऱ्यानं. नाव टपर, पण अख्खा कॅम्प त्याला टपरी म्हणतो. कंपनीच्या फुटबॉल टीमला शिकवायला विलायतेहून आणलाय आणि त्याला गाडीतून फिरवायचं काम माझ्या गळ्यात. हा तिकडे फॉरवर्ड होता, म्हणजे गोल मारणारा. मोठ्या टीममध्ये नव्हे, तिकडे टीमांचे वर्ग असतात, हा सगळ्यात खालच्या वर्गात (तुमच्या सदासारखा, पण सदा निदान एकाच शाळेत बसून नापास होतो, यानं टीमामागून टीमा बदलल्या). दुखान ते दोहा वाळूशिवाय काही दिसत नाही आणि याचं तोंड मिटत नाही. चिखलात मारलेला गोल, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन, सोडून गेलेली बायको, आणि पुन्हा तोच चिखलातला गोल. (खोदून विचारलं तेव्हा कळलं, चेंडू याच्या पाठीला लागून आत गेला होता.)

तर अंजीच्या लग्नाची माझी रजा मॅनेजरनं इथल्या कंपन्यांच्या फुटबॉल कपाच्या फायनलला टांगली. जिंकलो तर कंपनीनं ठेवून घेतलेला पासपोर्ट हातात, हरलो तर उन्हाळाभर इथेच. माझा फुटबॉलशी काय संबंध? पण ऐन मॅचमध्ये आमचा एक फिटर ऊन लागून आडवा झाला आणि टपरीनं त्याचे बूट माझ्या पायात घातले. म्हणाला, तू नुसता मागे उभा राहा. राहिलो. बरोबरी चालली होती, मॅच संपत आलेली, आणि त्यांचा एक दांडगा चेंडू घेऊन थेट माझ्या अंगावर आला. टपरी बाहेरून बोंबलला, "होल्ड हिम, जॅली, होल्ड हिम!" आता दाजी, तुम्हीच सांगा. मला कबड्डीत डावा कोपरा धरायला तुम्हीच शिकवलंत. होल्ड म्हणजे पकड. मी सूर मारला आणि त्याचा घोटा असा धरला की बूट माझ्या हातात आला, तरी पाय सोडला नाही. (रेफरी शिट्टी वाजवत होता, मला वाटलं शाबासकी देतोय.) फुटबॉलमध्ये म्हणे होल्ड म्हणजे अंगाला हात न लावता नुसतं थोपवायचं. मग तसं बोलावं ना माणसानं. पेनल्टी, गोल, खलास.

मॅनेजर माझी रजा रद्द करतोय तोवर टपरीनं मध्ये तोंड घातलं. म्हणाला, चूक माझी, हुकूम मी दिला, ड्रायव्हरनं पाळला. याला कुणी विचारलं होतं? मॅनेजरनं मला पासपोर्ट दिला आणि याची नोकरी काढून घेतली. मला असा संताप आला दाजी, त्या दिवशी घास गिळवेना.

असो, रजा मिळाली. अंजीला सांगा, भाऊ येतोय.

तुमचा,
जालिंदर

ता. क. टपरीला विलायतेत आता ना घर, ना टीम. तो माझ्याबरोबर येतोय. (मी बोलावलं नाही. नुसती लग्नाची तारीख सांगितली, तर यानं बॅग भरली.) तेवढा परड्यात आडोसा करून संडास बांधून घ्या, खर्चाचं मी बघतो. त्याला मांडी घालता येत नाही, पंगतीत खुर्ची ठेवा. आणि गोलाचं सांगायला लागला की पाठीचा विषय कुणी काढू नका.

ता. क. दुसरं. तालमीतली पोरं त्याला कबड्डीला ओढणारच. आताच बजावून ठेवा, कुठंही धरा, डावा गुडघा धरायचा नाही. धरला तर गाठ माझ्याशी आहे.