हिरवंगार वरूड

अकोला, मंगळवार संध्याकाळ

लाज वाटली, पण हसूही येऊन राहिलं. आमच्याकडे दुपारी लोडशेडिंग, म्हणून त्या वेळात बंद पडलेली शाखा लाल दाखवायची नाही, असं मी शाखांच्या लाइनी चालू-बंद दाखवणाऱ्या नेटवर्कच्या डॅशबोर्डमध्ये घातलं होतं. अन् तस्संच एक्सपोर्ट करून, पॅकेज करून अमरावतीच्या ऑफिसला धाडलं! तिकडं वीज जाते सकाळी. एवढं कसं सुचलं नाही मले?

दुपारी तिथल्या सलीमभाईंचा फोन. "ताई, वरूडची लाइन तुटली, अन् तुमच्या पडद्यावर वरूड हिरवंगार काहून?"

लगेच ती दुपारची सूट काढली, नवं पॅकेज पाठवलं. थोड्या वेळानं पुन्हा फोन. "ताई, वरूड लाल झालं!"

मी टाळीच वाजवली. मागं साहेब उभे. "काय खुशखबर हाय, मॅडम?"

"वरूड बंद हाय, साहेब."