सोन्यावर पारा

३ फेब्रुवारी

आज आयुर्वेद कॉलेजच्या प्रयोगशाळेत पारा हातात घेतला! हातमोज्यातून का होईना, पण घेतला. थेंबभर, आणि केवढा जड! तळहात आपोआप खाली गेला. मॅडम ओरडल्या, "खेळू नका, वाफ विषारी असते." सगळ्यांनी मुकाट्याने खलात ओतला. मला सोडवत नव्हता.

आत जाताना अंगावरचं सोनं दाराशी डबीत ठेवायचं. खल सांभाळणारे कडूबा मामा रोज तेच — "पोरीहो, सोनं काढा! पारा सोनं खाते!" हरिओमने घातलेली माझी साखरपुड्याची अंगठी घट्ट. साबण लावून काढली. तीन तास बोट मोकळं. बरं वाटलं. असं वाटू नये ना?

५ फेब्रुवारी

पारद. हा त्याचा जुना शब्द. मॅडमनी फोड सांगितली — पार देतो तो पारद. रोगाच्या, म्हातारपणाच्या, मरणाच्याही पलीकडे नेणारा. प्रतीक्षा मागून म्हणाली, "मॅडम, परीक्षेच्या पार नेते का?" मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, ही झाली श्रद्धेची फोड. काहींच्या मते पारद नावाचे लोक होते, वायव्येकडचे. त्यांच्या मुलखातून आला म्हणून हे नाव. म्हणजे मी धाड गावची, म्हणून होस्टेलात मला 'धाडवाली' म्हणतात तसंच!

कडूबा मामांना विचारलं. "आपल्यात निरा पाराच म्हणतेत. पण जित्ता असते हो तो! म्हणून तर त्याले मारा लागते."

गंधक घालून घोटायचा, दिवसेंदिवस. काळी भुकटी होते, कज्जली. बोटावर घेऊन उन्हात धरायची. कणभरही चमकली नाही की झाली. त्याला म्हणतात निश्चंद्र. चंद्र नसलेली! हा शब्द दिवसभर तोंडात घोळवत होते.

८ फेब्रुवारी

खांदा दुखतो. झोपेतही घोटतेय.

१० फेब्रुवारी

मॅडमनी पोथीतली गोष्ट सांगितली. पारा विहिरीत राहतो. नटूनथटून एक मुलगी घोड्यावर बसून येते, विहिरीत डोकावते, आणि घोडा पिटाळते. तिला पाहून पारा उसळतो, काठ ओलांडून तिच्यामागे धावतो! ती मैलोन्‌मैल पुढे निघून गेलेली. तो वाटेतल्या खड्ड्यांत सांडतो, लोक भरून नेतात. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. ती मुलगी पुढे कुठे गेली, कुणी विचारलं नाही. मी दुपारभर खिडकीतून रस्ता बघत बसले.

संध्याकाळी बाबांचा फोन. मेहकरहून हरिओमचे वडील, रंगराव, यांनी कळवलंय — नऊ मेला लग्न, मग थेट पुण्यात संसार. "कॉलेज-बिलेज पाहू मंग," हेही त्यांचंच. बाबा हो म्हणून मोकळे! माझं दुसरंच वर्ष चालू आहे. हरिओमला फोन केला. तो म्हणे, "तुले काऊन ते काळं घोटा लागते? मी कमावतो ना!" वाईट नाही तो. पण माझं शिकणं गेलं, हे त्याच्या ध्यानीमनीही नाही.

१३ फेब्रुवारी

अंगठी काढायची विसरले. हातमोजा फाटका होता. टेबलावर पाऱ्याचा मणी घरंगळत आला, बोट लागलं — आणि सोनं पांढरं! बघता बघता. चांदीसारखं, आणि इतकं सुंदर की मी बघतच राहिले. कडूबा मामा धावले, "अवं निशिगंधा, काय केलं हे! तीस वर्सांत नाही झालं असं!" साबण चोळून त्यांनीच काढली.

१४ फेब्रुवारी

कॉलेज सुटल्यावर इथल्याच, चिखलीच्या सोनाराकडे गेले. त्याने चिमट्यात धरून पाहिली. "तापवली तं पारा उडून जाईन, पण त्याचा धूर वाईट. मी नाही करत बाप्पा. अन् सोनं ठिसूळ झालं, टिकणार नाही."

घरी कळवलं. आई रडली. तिच्या मते अपशकुन. बाबा म्हणाले, "मेहकरले काय सांगू मी?" मनात आलं, आता तेच मोडतील. छातीत धडधडतंय — भीतीनेच, असं लिहिणार होते.

१५ फेब्रुवारी

नाही मोडलं! रंगरावांचा निरोप आला, "लेकरू हाय, चुकून झालं. नवीन अंगठी घेऊन रविवारी येतो." किती चांगली माणसं! संध्याकाळच्या गाडीने धाडला आले. आईने पुरणाची डाळ काढलीय. मला जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवी अंगठी पुढे आली. "चूक झाली, विसरून जा," रंगराव म्हणाले. मी हात मागे घेतला. म्हटलं, चूक नव्हती. हातमोजा फाटका नव्हता. मी काढला होता. बोट मीच बुडवलं. मला शिकायचंय.

तेरा तारखेला या डायरीतही खोटंच लिहिलं होतं मी.

ते न जेवता गेले. आई आत आहे. बाबांनी ओसरीवरची सतरंजी गुंडाळली. मग म्हणाले, "सकाळी चिखलीची गाडी कितीले हाय तुह्यी?"

सातची, म्हटलं.