पहिला अंगठा

३ ऑगस्ट ९८, सोम.
फाटकावर हजेरी घेताना विचारपूस. रामदासचा ताप उतरला. सुकदेवच्या बायकोला दिवस गेलेत, उलट्या चालूच. हिरामणच्या हातांची आग जरा कमी. रंगखात्यातलं ॲसिड बोटं खातं. माझा गुडघा, तो आहेच.
आज हिरामणने मस्टरवर सही केली. बावन्नाव्या वर्षी. चार महिने जेवणाच्या सुट्टीत गिरवून घेतली. म्हणाला, "मास्तर, आते मी अंगठा देवाव नही."
मॅनेजर मागेच उभा. "सही-बही बंद, काका. हवे अंगूठानुं मशीन आवशे." ते पान टर्रकन फाडलं. हिरामण तुकडे वेचत बसला.
या मॅनेजरचा अंगठा याच रांगेत घेईन. नाही घेतला तर मास्तर म्हणवून घेणार नाही.

८ ऑगस्ट
अंगठा ओळखून दार उघडणारं मशीन छोट्या दाराशी ठोकलं. नुसता लाल दिवा. ते चालवायच्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या मॅनेजरच्या टेबलातून गहाळ. विकणाऱ्याने गाशा गुंडाळलेला. म्हटलं, मी शोधतो.
"तमे? सात चोपडी भणेला?"
हो, सातवीच. मनात म्हटलं, हस बाबा.

१३ ऑगस्ट
कामरेजच्या एका कारखान्यात असंच मशीन. तिथला टाइमकीपर आपला पारोळ्याकडचा निघाला. फ्लॉप्यांची नक्कल दिली, वर जेवू घातलं. इथे येऊन लावली तर दुसरी फ्लॉपी वाचेना. पुन्हा कामरेज. खुन्नस असली की गुडघा दुखत नाही.

१७ ऑगस्ट
बसलं एकदाचं. पुस्तिका डिक्शनरी घेऊन वाचली. पहिला अंगठा ज्याचा, तो मशीनचा धनी. पुढे कुणाचंही नाव चढवायचं तर आधी या धन्याचा अंगठा लागतो. मॅनेजरला जाऊन हे सगळं सांगितलं. लबाडी कशाला?
"अंगूठो मजूर आपे. हुं तो साइन करुं. तमे ज आपी दो."
अंगठा मजुरांचा, तो सहीवाला. मीच दिला.

२२ ऑगस्ट
रंगखात्याचे अंगठे मशीन घेईना. रेषाच उरल्या नाहीत. शेटना दाखवलं. म्हणाले, त्यांचं मस्टर ठेवा. हिरामण पुन्हा सही करतो, मी माझ्या अंगठ्याने त्याला दार उघडतो.

१ सप्टें., मंगळ.
शेटचा हुकूम: मोठं फाटक फक्त ट्रकना. माणसं छोट्या दारातून, शेटसुद्धा. मग ते मुंबईला गेले.
नऊला मॅनेजर दाराशी. मागे अख्खी पाळी.
"काका, दार खोलो."
"अंगठा चढवलेला नाही, साहेब."
"तो मारी पण सही लई लो."
"ती ज्यांची बोटं कामात झिजली त्यांची. तुमचं बोट बघू?"
मागून कोणीतरी खोकलं. तो गाडीत बसून गेला.

२ सप्टें.
मॅनेजर आला नाही. निरोप आला: शेट उद्या, गुरुवारी येतात, आधी तुला काढायला लावतो. लावेलही. तीस वर्षांची नोकरी. घरात बोललो नाही अजून.
चिठ्ठी पाठवली त्याच्या घरी:
"साहेब, तब्येत बरी असेल. उद्या नऊच्या रांगेत या, हिरामणच्या मागे. हात धुऊन, कोरडे करून. येता की नाही ते लवकर लिहून कळवा. सहीनिशी."