किसनसिंगच्या जागी मी

१ जानेवारी २००६, रविवार. सकाळी ११

नवीन वर्ष, नवीन डायरी. मागची जूनमध्ये संपली. म्हणजे लिहिणं संपलं, पानं नाही.

आज प्रॅक्टिसनंतर किसनसिंगने जाहीर केलं की बावीस तारखेची राजूरविरुद्धची मॅच खेळून तो हॉकी सोडणार. आमच्या नवप्रभात हॉकी क्लबचा एकोणीस वर्षं कॅप्टन, आणि निरोपाचं भाषण एवढंच : "गुडघे बोलून राह्यले आता. लई झालं. चला, बॉल गोळा करा." एवढ्यावर दोन पोट्टे डोळे पुसत होते. वणीत लोकांना रडायला काहीही पुरतं.

मी अकरा वर्षं व्हाइस कॅप्टन आहे. पुढचं वाक्य लिहायची गरज नाही.

संकल्प : रोज पाचला उठून मैदानाला दहा चकरा. ऑफिसात दुपारी लीडरशिपवरचं इंग्रजी पुस्तक. किसनसिंगबद्दल मनात राग ठेवायचा नाही. तो जाणारच आहे.

२ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.४०

थंडी फार. नेत्याने प्रकृती सांभाळली पाहिजे. उद्यापासून.

५ जानेवारी, गुरुवार

आज खरोखर उठलो. पावणेसहाला मैदानावर, तर किसनसिंग आधीच हजर. बादलीने मुरमावर पाणी शिंपडत होता. मला बघून म्हणाला, "सदाशिवभाऊ, तब्येत बरी हाय ना? इतक्या पायटी काहून आले?" मूडच गेला. एक चक्कर मारून घरी आलो.

हा माणूस जिनिंगमध्ये मुकादम आहे, ते एक ठीक. पण मैदानावर कॅप्टन आहे ना? मॅचच्या दिवशी फक्कीचा डबा घेऊन पांढऱ्या रेषा हाच मारतो. गोलकीपर खेमसिंगच्या पॅडचे तुटलेले पट्टे हाच शिवतो. हाफ टाइमला सगळ्यांना पाणी देणार आणि उरलं तर स्वतः पिणार. याला गावात महान लीडर म्हणतात. आमच्या ऑफिसात याला शिपाई म्हणतात आणि त्याला युनिफॉर्म मिळतो.

देवीलालच्या चहाच्या टपरीवर आज पुन्हा तीच कथा. यवतमाळची फायनल, किसनसिंगचं बोट मोडलं, रुमाल बांधून खेळला, शेवटच्या मिनिटाला गोल. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा एक बोट मोडलं होतं. आता तीन झालीत. अजून पाच वर्षांनी हातच राहणार नाही.

पुस्तकाची प्रस्तावना वाचली. चांगली आहे. झोप लागली.

८ जानेवारी, रविवार

आज क्लबची मीटिंग. मोठा विजय.

नवा कॅप्टन निवडायची आमची पद्धत बाहेरच्या माणसाला सांगायची लाज वाटते. इच्छुकांनी आपापली स्टिक मैदानात आडवी ठेवायची. बाकीच्यांनी एकेक करून पुढे यायचं आणि ज्याला निवडायचं त्याच्या स्टिकशेजारी आपली ठेवायची. जुन्या कॅप्टनने ठेवायची नाही, नुसतं बघायचं. क्लब काढला तो खाणीतल्या कामगारांनी, त्यांच्यातल्या अर्ध्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ही सोय. आता सगळे मॅट्रिकच्या आसपास आले, तरी स्टिकाच मांडतात. किसनसिंग समोर उभा असताना माझ्या स्टिकशेजारी स्टिक ठेवायची कोणाची छाती होणार?

मी उभा राहिलो आणि लोकशाहीवर दहा मिनिटं बोललो. गुप्त मतदान हवं. चिठ्ठ्या माझ्या, पेन माझा, डबा माझा, मोजणीही मीच करीन. आणि मोठ्या मनाने सुचवलं की जुन्या कॅप्टनलाही एक मत असावं, त्याला अपमान वाटायला नको. सगळे किसनसिंगकडे बघत बसले. तो म्हणाला, "भाऊ म्हनतात तं चिठ्ठ्या टाकू." लगेच सगळे हो म्हणाले. मेंढरं.

निवडणूक २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर.

खेमसिंगने प्रफुल्लचं नाव सुचवलं. प्रफुल्ल वीस वर्षांचा. स्टिक बरी चालवतो, कबूल. पण चारचौघांत बोलायला उभा केला तर बुटांकडे बघत राहतो. म्हणजे दुसरा किसनसिंगच.

११ जानेवारी, बुधवार

भाषणाचा खर्डा तयार. विषय : श्रेष्ठ नेत्याचे नऊ गुण. शिस्त, दूरदृष्टी, वक्तृत्व, निर्णयशक्ती वगैरे. शोभाला वाचून दाखवलं. तिसऱ्या गुणाला ती दूध बघायला गेली. दूध फ्रिजमध्ये होतं.

शाल्मलीने, म्हणजे आमच्या कन्येने, विचारलं की बाबा, यातले तुमच्यात किती आहेत? कॉलेजात घातलं की असं होतं. म्हटलं, संधी मिळाली की दिसतील. ती म्हणाली, अकरा वर्षं काय रुसून बसले आहेत का? मी उत्तर दिलं नाही. नवव्या गुणाचं नाव संयम.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन खेळाडूंच्या घरी फिरलो. सोळापैकी अकरा मतं पक्की. कोणी तसं तोंडाने म्हणालं नाही, पण तिळगूळ घेताना डोळ्यांत दिसतं. मला माणसं कळतात.

प्रफुल्ल घरी नव्हता. त्याची आई कौसल्याबाई म्हणाल्या, बाप आणि लेक दोघं कापूस खरेदी केंद्रावर आहेत, पाच दिवस झाले, नंबर लागून नाही राह्यला. यंदा भाव नाही आणि केंद्रं मोजकी, त्यामुळे कापसाच्या बैलबंड्यांची रांग पार रोडपर्यंत आलेली आहे हे मलाही दिसतं. पण बाईंनी पुढे जे सांगितलं ते ऐकून गार पडलो. "किसनभाऊ रोज दुपारी डबा घेऊन जातात त्याइच्यासाठी."

एकोणीस वर्षांचा कॅप्टन. डबे पोचवतो. यावर काय बोलायचं.

पाचला उठणं संक्रांतीनंतर, दिवस मोठा होत गेला की.

२१ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६

किसनसिंग घरी आला. शोभाने खुर्ची दिली तर पायरीवरच बसला. म्हणाला, प्रफुल्लचे वडील बाबाराव तापाने फणफणले, त्यांना घरी आणून टाकलं, आता बंडीवर पोरगा एकटा आहे. बंडीपाशी कोणी नसलं तर मागचे लोक ती बाजूला सारून पुढे घुसतात, बारा दिवसांचा नंबर जातो. "उद्या मी बसतो बंडीवर. टीम तुमी चालवा, भाऊ. पोट्ट्याले खेळू द्या. त्याच्याबिगर राजूरचा डिफेन्स फुटत नाही."

मी विचारलं, पण ही तुझी शेवटची मॅच. तो हसला. म्हणाला, "मी खेळलो तं काय आन् नाही खेळलो तं काय. लई खेळलो."

साधा हिशेब आहे. राजूरला घाबरला. शेवटची मॅच हरलो तर तीन मोडक्या बोटांची कथा कोण ऐकेल? कापसाच्या ढिगावर लपून बसणारा हा देशातला पहिला कॅप्टन असावा.

उद्या सकाळी आठला टीम मीटिंग. मी नऊपैकी पहिले चार गुण सांगेन. उशिरा येणारा बाहेर बसेल. शिस्त म्हणजे शिस्त.

२२ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१५

उठलो. पांढरी पँट इस्त्रीची. आजपासून या क्लबचा इतिहास बदलणार.

२२ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५

०-५.

कारणं शांतपणे लिहून ठेवतो.

मैदानावर रेषा नव्हत्या. फक्की कोणी मारायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मी कोणाकोणाकडे बघू? शेवटी राजूरच्या पोरांनी रेषा मारल्या, हसत हसत. मॅच चाळीस मिनिटं उशिरा. खेमसिंगच्या पॅडचा पट्टा पहिल्या गोललाच तुटला, पुढचे दोन गोल तो एका हाताने पॅड धरून वाचवायला गेला. हाफ टाइमला पाणी नव्हतं. मी नेतृत्व करू की पाणी आणू?

प्रफुल्ल आठ वाजून दोन मिनिटांनी आला. सायकल हाणत, केसांत कापूस अडकलेला. म्हणाला, "काका, किसनभाऊ आले तवाच निघालो. बंडी कशी सोडू?" मी सांगितलं, नियम मी केलेला नाही. वास्तविक मीच केला होता, पण नियमाला मालक नसतो. बाकावर बसवलं. ०-२ झालं तेव्हा खेमसिंग मागून ओरडला, "घ्या ना त्याले आत, कायले मराले लावता?" ०-३ झालं तेव्हा प्रेक्षकही तेच ओरडायला लागले. दबावाखाली निर्णय बदलतो तो नेता नव्हे. पुस्तकाचं पान एक्केचाळीस.

हाफ टाइमला प्रफुल्लने सायकल उचलली. म्हणाला, "मले नाही खेळवत तं मी बंडीवर जातो. किसनभाऊले तरी खेळू द्या." आणि गेला. बाकावरून परवानगीशिवाय उठणं हा वेगळाच गुन्हा, त्याची नोंद केली आहे.

किसनसिंग पोचला तेव्हा शेवटची शिट्टी झाली होती. बूट हातात, पायात मोजे. धावत आला होता, त्या गुडघ्यांनी. त्याने गोलांच्या फळ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल, माझी उत्तरं तयार होती. तो मैदानभर फिरून बॉल गोळा करत राहिला. मग मला विचारलं, "पोट्टे जेवले काय?"

जेवण. हा त्याचा प्रश्न. मला काय माहीत जेवले की नाही.

बूट त्याने घातलेच नाहीत.

२३ जानेवारी, सोमवार

शांत डोक्याने विचार केला. पराभव माझ्या पथ्यावरच पडला. क्लबची अवस्था लोकांना आता कळली, अशा वेळी माणसांना खंबीर हात हवासा वाटतो. दहा मतं नक्की. खेमसिंगचं सोडून दिलं. तो पट्ट्यावरून चिडलेला आहे.

देवीलालने आज चहा दिला आणि माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. धंद्याच्या गडबडीत असावा. टपरीवर मी एकटाच होतो.

ऑफिसात कळलं की बाबारावांच्या बंडीचा काटा झाला आज सकाळी, कापूस मोजून घेतला. म्हणजे एक दिवस आधी नंबर लावला असता तर किसनसिंगला खेळता आलं असतं. नियोजन नाही.

२५ जानेवारी, बुधवार. रात्री ९

भाषण ऑफिसात टाइप करून आणलं. चार पानं. शेवटी किसनसिंगचाही उल्लेख केला आहे, दीड ओळ.

एक निर्णय घेतला. उद्या माझं मत मी प्रफुल्लला देणार. आपल्याला नऊ-दहा पडतात, एकाने काय फरक पडतो? पण पोरगा शून्यावर राहिला तर बरं दिसत नाही. चारचौघांत निदान एक चिठ्ठी तरी निघावी बिचाऱ्याच्या नावाची. कोणाला सांगायचं नाही. मोठेपणा गुपचूप करायचा असतो.

हे नऊ गुणांत नव्हतं. दहावा म्हणून घालावं का?

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडावंदन झालं. किसनसिंगने पहाटेच येऊन झेंड्याभोवती फक्कीचा गोल आखला होता. सत्कार झाला, शाल, श्रीफळ. बोल म्हटलं तर म्हणाला, "खेळा. भांडू नका." टाळ्या थांबेनात.

मग चिठ्ठ्या. सोळा. ठरल्याप्रमाणे मीच उघडल्या आणि मीच मोठ्याने वाचल्या. पहिली प्रफुल्ल. दुसरी प्रफुल्ल. तिसरी माझ्याच अक्षरातली, प्रफुल्ल. आठवीपर्यंत मला वाटत होतं की माझ्या सगळ्या खाली राहिल्यात. बारावीला आवाज बसला. खेमसिंग म्हणाला, "मोठ्यानं वाचा, भाऊ."

प्रफुल्ल पंधरा. सदाशिव एक.

ती एक मी पुन्हा उघडून बघितली. कोपऱ्यावर अंगठा उठला होता. पांढरा. फक्कीचा.

चिठ्ठी खिशात घातली. भाषण होतं त्याच खिशात. भाषण कोणी मागितलं नाही.

सगळे प्रफुल्लला खांद्यावर घेऊन नाचत होते, तेव्हा किसनसिंगला बाजूला घेऊन विचारलं, का? तो म्हणाला, "असू द्या ना, भाऊ." आणि फक्कीचा डबा झाकायला गेला. त्याला जास्त विचारायची गरज नव्हती. मी काल रात्री प्रफुल्लला मत का द्यायचं ठरवलं, ते वर लिहिलेलंच आहे. मला लाज वाटली. अकरा वर्षांत त्या मैदानावर पहिल्यांदा वाटली.

जुन्या पद्धतीने स्टिका मांडल्या असत्या तर त्याला मत नव्हतं. ते मीच दिलं होतं.

घरी आलो. शोभाने विचारलं, किती पडली?

एक, म्हटलं.

ती म्हणाली, "चला, स्वतःचं तरी पडलं."

मी हो म्हणालो.