ठकी आणि भैरू, एका पानावर

प्रिय सुमन,

आज संध्याकाळी तुझा भाऊ दत्ता टेम्पो घेऊन येणार आहे, आपल्या भैरूला लांब पुणतांब्याकडं सोडून यायला. तो यायच्या आत तुला एक गोष्ट सांगायची आहे. तुझी ठकी गेली गं. परवा, तुझ्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. ती कशी गेली हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

तू असतीस तर माझ्या तोंडाकडं बघूनच म्हणाली असतीस, "आता काय करून ठिवलं?"

आपल्या पिठाच्या गिरणीत उंदीर झाले म्हणून मांजर तूच आणलंस. भैरू कुत्रा अंगणात आधीपासून होता. पहिल्याच दिवशी तू कायदा केलास. ठकीची वाटी गिरणीच्या खिडकीत, उंचावर. भैरूची जर्मनची थाळी पार शेवग्याखाली. आधी ठकीला वाढायचं, मग त्याला. दोघांचं आटपेपर्यंत तू मध्ये केरसुणी घेऊन उभी, आणि उरलंसुरलं लगेच उचलायचीस. ठकीचा सुकटीचा भात भैरूला नाही आणि भैरूच्या ताकभाकरीवर ठकीची बोळवण नाही!

मी गिरणीचा पट्टा चढवता चढवता हसायचो. "वाढपीणबाई, पंगत उठली का?" एकदा म्हणालो, "अगं, एका घरातली आहेत. एका ताटात जेवली तर काय बिघडलं?"

"तुमच्या ताटातली भाकर मी उचलली तर तुमी गप ऱ्हाता का? त्ये तर मुकं जनावर हाय."

शेवटचं दवाखान्यात जाताना गाडीत बसल्यावरही तेच सांगितलंस. "मधी उभं ऱ्हात जावा." बाकी काही नाही. मला तेव्हा थोडा रागच आला होता. माझ्यासाठी दोन शब्द नाहीत आणि मांजराची काळजी!

तू गेल्यावर पहिले दोन महिने मी उभा राहिलो, खरंच. मग आळस शिरला. खिडकीत हात कोण वर करणार, शेवग्यापर्यंत कोण जाणार? वाटी आणि थाळी ओट्याखाली शेजारी शेजारी ठेवायला लागलो. वाटी आधी, थाळी नंतर, एवढा एकच तुझा नियम राहिला. भैरू थोडा गुरगुरायचा, ठकी मागं सरायची आणि मला वाटायचं, जमलं की! सुमन, ती मागं सरत होती हे मला दिसत होतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

परवा कावळा पानाला लगेच शिवला. घरात सगळे म्हणाले, सुमनच्या मनासारखं झालं. मी खुशीत कुत्र्याचं पान घेऊन अंगणात आलो. भात, वडे, वर खीर. ठकीची वाटी सवयीनं आधीच ठेवली होती, तरी ती पायात घोटाळत होती. मनात आलं, आज तुझा दिवस, आज तुझी दोन्ही लेकरं एका पानावर जेवू देत. भैरू खायला लागला होता. मी ठकीला उचलली आणि त्याच्यापुढं पानावर बसवली. माझ्या हातानं, सुमन!

तिनं खिरीला तोंड लावलं, एवढंच. त्यानं तिला मानेला धरलं. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आणि मी काय केलं? काठी घेऊन भैरूला बडवलं. ओरडा ऐकून दत्ता आतून धावत आला, तेव्हा तुझ्या नावाचं ते पान मी पायानं कुंपणाकडं सरकवलं. म्हणालो, "एकाएकी उलटलं रे कुत्रं."

"दाजी, असलं कुत्रं दारात ठिवू नगा," तो म्हणाला. "दळनाला बाया येत्यात, लेकरं येत्यात. उद्या कुनाला धरलं म्हंजी?" त्याचं काय चुकलं? त्याला मी जे सांगितलं तेच खोटं होतं. मी भैरूला सोडून यायला हो म्हणालो.

तेव्हापासून भैरू खात नाही. आधी वाटलं, मार लागला असेल. आज सकाळी थाळी ठेवून दाराआड उभा राहिलो. तो थाळीपाशी बसला आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिला. ठकीची वाटी आल्याशिवाय आपलं सुरू करायचं नाही, हे तू त्याला शिकवलं होतंस. माझ्यापेक्षा त्यानं तुझं जास्त ऐकलं गं. शेवटी मी वाटी आणून ठेवली, रिकामीच. तेव्हा दोन घास खाल्ले त्यानं. मला तिथं उभं राहवेना.

म्हणून शब्द देतो. दत्ता आला की त्याला अंगणातच सगळं खरं सांगेन. पान मी ठेवलं, ठकीला मी बसवली, पायानं पानही मीच सरकवलं. तो चिडेल, गावभर होईल, होऊ दे. भैरू कुठंही जाणार नाही. पोत्यांत उंदीर आहेत, गिरणीत पुन्हा मांजर येईलच. तेव्हा वाटी खिडकीत, थाळी शेवग्याखाली आणि दोघांचं होईपर्यंत मध्ये मी.

माफी मात्र मागत नाही. तू लगेच देशील, आणि ती मला इतक्यात नको आहे.

तुझा,
बबन