मालतीबाईंच्या सोबतीला

२८ एप्रिल, मंगळवार. पासिर रिस
परवा निघायचं. बॅग भरली, उघडली, परत भरली. प्राजक्ता म्हणते, आई, वजन जास्त होतंय, चटण्या काढा. म्हटलं, साड्या काढ, चटण्या राहू देत. (हेही लिहिलंस? लिही. सासू सांगते आणि सून उतरवते, अशी रोजनिशी अख्ख्या सिंगापुरात एकच असेल. मला अक्षर येत नाही, हिला वेळ नाही. तरी चाललंय.)

मालतीबाईंचं आणि माझं ठरलंय. त्या वाचणार, मी बोलणार. त्या बँकेत होत्या, औषधाच्या बाटलीवरचं बारीकसुद्धा सोडत नाहीत. पण परका माणूस समोर आला की तोंड शिवल्यासारखं. माझं उलट. ईशाच्या फोनमध्ये जर्मन शिकवणारी बाई आहे. ती बोलते, मी चपात्या लाटता लाटता तिच्या मागून बोलते. नमस्कार येतो, कृपया म्हणजे बिटं येतं, गाडी कुठून सुटते येतं, संडास कुठे आहे येतं. ईशा म्हणाली, आजी, एवढ्यावर कसं होणार? म्हटलं, तुझ्या आजोबांशी संसार केला तो याहून कमी शब्दांत.

मालतीबाई म्हणजे आमच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या, कित्येक वर्षं रोज खालच्या बाकावर माझ्यासोबत बसणाऱ्या. मुलगा-सून तांजोंग पगारला ऑफिसात, दिवसभर त्या एकट्या. लेक श्वेता जर्मनीत, नवरा तिकडचाच, आता बाळ झालंय. 'इंदूताई, मला एकटीला नाही जमणार. तुम्ही चला.' दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत मी हो म्हटलं.

सिंगापूरला आले ती ईशाच्या वेळी, प्राजक्ताच्या बाळंतपणाला. नणंदेकडे राहिले ती तिच्या आजारपणात. भावाकडे जायची ती कार्य असलं की, पोळ्या लाटायला. नुसती पाहुणी म्हणून, कोणाची तरी मैत्रीण म्हणून जातेय ती ही पहिलीच खेप. विनूला, माझ्या लेकाला, सांगितलं तर हसला. हसू दे.

१ मे. वुर्त्सबुर्ग
आता मी फोनमध्ये बोलते, प्राजक्ता तिकडे उतरवून ठेवते.

फ्रँकफर्टला पहिली परीक्षा. मालतीबाई पाटीखाली उभ्या राहून वाचतायत, वाचतायत, संपतच नाही. मी एका टोपीवाल्याला धरलं. बिटं, वुर्त्सबुर्ग? तो भडाभडा बोलला. त्यातलं उजवीकडे आणि खाली एवढं कळलं. पुरे की.
'काय म्हणाला?'
'म्हणाला, बाई, या वयात काय सुरेख दिसता.'
मालतीबाई हसून हसून जिन्यातच बसल्या. बॅगा धरून मी उभी. लोक वळसा घालून जातायत.

श्वेता स्टेशनवर आली होती. आईच्या गळ्यात पडली, रडली. मग मला म्हणाली, 'मावशी, बरं झालं तुम्ही आलात. तुम्ही असलात की मला आईची काळजी नाही.' गोड आहे पोरगी.

५ मे
मालतीबाईंना वरची खोली. खिडकीतून द्राक्षाचे मळे, डोंगरावर चढलेले. मला बाळाच्या खोलीत. रात्री तेच उठवतं मला. सकाळी मालिश, आंघोळ, शेक. श्वेता म्हणते, आई म्हणालीच होती, तुमचा हात हलका आहे. मालतीबाई सोफ्यावरून बघतात आणि म्हणतात, डोकं सांभाळा हं. अहो, मी काय आज बाळ बघतेय?

मालतीबाईंच्या विहीणबाई जवळच राहतात. हेल्गाबाई. माझ्याच वयाच्या, उंच, सायकलवरून येतात. मला त्या आवडल्या. त्यांना इंग्रजी नाही, मला जर्मन नाही, त्यामुळे आमचं छान जमतं. काल पांढऱ्या जाड काड्या उकडून आणल्या, वर लोणी. श्वेता म्हणाली, ही शतावरी. म्हणजे आपण बाळंतिणीला देतो ती इथे अख्खा गाव खातो. मी लसणाची चटणी लावून खाल्ली. हेल्गाबाईंनी पण लावली, डोळ्यांतून पाणी आलं, परत लावली.

१० मे, रविवार
नदीवरच्या जुन्या पुलावर गेलो. लोक हातात वाइनचे ग्लास घेऊन उभेच. बसत नाहीत, भांडत नाहीत. मालतीबाईंनी घोटभर घेतली. मी कडेला. म्हटलं, सांगू का तुमच्या मुलाला? 'इंदूताई, गळ्याची शपथ.' असा दिवस गेला. चांगला गेला.

१२ मे
प्राजक्ता, हे विनूला ऐकवू नकोस. आधी तू ऐक.

उद्या आम्ही दोघी म्युनिकला जाणार, तिथे चार दिवस फिरून रविवारी विमान. म्हणून आज हेल्गाबाई भेटी घेऊन आल्या. मालतीबाईंना रेशमी स्कार्फ, आभाळी रंगाचा. मला एप्रन. जाडजूड, सुरेख शिवलेला, खिशावर द्राक्षाचा घोस. मी खूश. म्हटलं, माझा हात बघितलाय त्यांनी स्वयंपाकातला.

मग जवळ बसल्या आणि सावकाश, लहान मुलाला विचारतात तसं विचारलं. मालतीबाईंकडे काम करताय त्याला किती वर्षं झाली?

'काम करणे' माझ्या धड्यात होतं. पहिल्याच आठवड्यातला शब्द. म्हटलं चुकतंय माझं. दोन्ही हात हलवून म्हटलं, नाईन, नाईन. फ्रॉइंडिन. म्हणजे मैत्रीण. तोही शब्द येतो मला, तो तर मी मुद्दाम पाठ केला होता, कोणी विचारलं तर सांगायला.

त्यांनी माझा हात थोपटला. या, या, म्हणाल्या, म्हणजे हो, हो. कौतुकाने. चांगल्या घरची बाई कामवालीला थोपटते ना, अगं तू काय परकी आहेस का म्हणून, तशी.

मालतीबाई तिथेच होत्या. स्कार्फची घडी घालत होत्या. एकदा घातली, मोडली, परत घातली.

मग सगळं जागेवर बसलं. बाळाची खोली. डोकं सांभाळा. आणि श्वेताची ती मावशी. कामाला येणाऱ्या बाईलाही आपल्याकडे मावशीच म्हणतात.

१३ मे. म्युनिक
बोलले नाही. वुर्त्सबुर्गपासून एक शब्द नाही. न्युरेनबर्गला गाडी बदलायची होती. मालतीबाईंनी पाटी वाचली, आम्ही त्या फलाटावर बसलो. मग वरून भोंग्यातून बाई बोलली. म्युनिक ऐकलं, फलाट ऐकलं, आकडा वेगळा ऐकला. मालतीबाई आपल्या कागदाकडे बघत बसलेल्या. सांगू नये असं वाटलं. बसू दे इथेच आभाळी स्कार्फ गुंडाळून.

गाडी तर मलाही हवी होती. मी उठले, बॅग ओढत चालायला लागले. त्यांनी कागदाची घडी घातली. बॅग ओढत मागून आल्या.

१४ मे
आज बोलल्या. चौकात बाकावर बसून. हातात तो गाठ मारलेला खारा पाव, त्यावरचं मीठ नखाने खरवडत.

म्हणाल्या, श्वेता सारखी भावाला फोन करून बोलायची, आईला दिवसभर एकटं टाकता म्हणून. बहीण-भावाचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. तेव्हा मी सांगून टाकलं, अगं, एक बाई ठेवलीय, सकाळपासून असते सोबतीला. नाव काय, विचारलं. तोंडात तुमचंच आलं.
'वेळ मारून नेली हो, इंदूताई.'
'आणि इथे आणताना?'
'म्हटलं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न. तुम्हाला कुठे कळणार होतं?'

तेवढं वाक्य नसत्या बोलल्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, म्हणजे एवढी वर्षं तुमच्या लेकीच्या घरी माझं नाव होतं. मला वाटायचं, तिकडे मला कोणी ओळखत नाही.

रडल्या. श्वेताला आत्ता नका सांगू, बाळंतीण आहे, सिंगापूरला पोचले की पहिल्याच रविवारी फोनवर मी स्वतः सांगते. सांगा म्हटलं. उरलेला पाव कबुतरांना टाकला. म्युनिकचं एवढंच बघितलं मी.

१८ मे, सोमवार. पासिर रिस
घरी आले. गरम, घामट, बरं वाटलं. ईशाने विचारलं, जर्मन चाललं का? म्हटलं, फार चाललं.

आता प्राजक्ता, एक सांगते, हात थांबवू नकोस. विनू लहान असताना मी दोन घरची धुणीभांडी करत होते. शिवणाच्या क्लासला जाते असं घरी सांगायचे. विनूला माहीत नाही. तुला आत्ता कळतंय. काम करण्यात मला कमीपणा नव्हता, आजही नाही. मालकिणी कशा बोलतात, कसा चहा देतात, कुठल्या कपात देतात, सगळं मला ठाऊक आहे. मालतीबाई तशा कधीच वागल्या नाहीत. म्हणून तर एक दिवस खाली बाकावर बसून त्यांना सांगितलं. जगात एकट्या त्यांना.

आणि त्यांनी तेच उचलून लेकीला सांगितलं. तोंडात माझं नाव आपोआप नाही आलं त्यांच्या.

(रडतेस काय? पुस ते, अक्षर पसरेल.)

२४ मे, रविवार
पहिला रविवार. संध्याकाळी मालतीबाईंचा निरोप आला, आज बाळाला ताप होता, बोलता आलं नाही.

बाळाला काय करायचं ते सांगून पाठवलं. ओव्याची पुरचुंडी. सवय जात नाही.

२७ मे
फिरायला खाली जात नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, मालतीबाई बाकावर येऊन बसतात. एका टोकाला. दुसरं टोक रिकामं ठेवतात. मग उठून जातात.

ईशा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, 'आजी, जस्ट टेल हर ला. फोन कर ना त्या श्वेताला.' म्हटलं, मी सांगितलं तर मी चुगली केली. त्यांनी सांगितलं तर त्यांनी मला मैत्रीण म्हटलं. फरक आहे. ती म्हणाली, 'सो कॉम्प्लिकेटेड.' आहेच.

प्राजक्ता म्हणाली, मी जाऊन बोलते त्यांच्याशी. तू लिही म्हटलं.

३१ मे, रविवार
दुसरा रविवार. लिफ्टपाशी गाठ पडली. 'आज सांगणारच होते हो, पण जावई समोर बसला होता.'
जावयाला मराठी येतं का, विचारलं.
लिफ्ट आली. त्या चढल्या नाहीत.

एप्रन अजून बॅगेत आहे. विनूने विचारलं, हे काय नवीन? म्हटलं, बक्षीस मिळालं.

७ जून, रविवार
आज मीच मालतीबाईंकडे गेले. फोनची वेळ मला माहीत आहे, एवढी वर्षं त्या वेळेला बाकावरून उठून जायच्या. साडी बदलली. प्राजक्ता म्हणाली, येऊ का? नको.

मालतीबाईंनी दार उघडलं. फोन टेबलावर उभा केलेला, आतून श्वेताचा आवाज, आई, कोण आलंय? मालतीबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही. उभी राहिले.

'तूच बोल यांच्याशी,' फोनकडे बघून म्हणाल्या. खुर्ची ओढून मला फोनसमोर बसवलं आणि चहा टाकते म्हणून आत गेल्या.

श्वेता दिसली, मांडीवर बाळ, गाल भरलेत त्याचे. मला बघून तिचा चेहराच पडला.
'मावशी, आईने सांगितलं मला.'
मी म्हटलं, सांगितलं?
'हो ना, मागच्याच रविवारी.'

खरं सांगते, एवढंच ऐकून माझं मन निम्मं विरघळलं. म्हटलं, लिफ्टपाशी उगाच टोचून बोलले मी.

'तुम्ही काम सोडताय म्हणून,' श्वेता म्हणाली. 'असं नका करू ना मावशी. आमच्याकडे काही चुकलं का? मालिश, बाळ, सगळं तुमच्यावर टाकलं, तुम्ही आरामाला आला असाल. पगाराचं मी दादाशी बोलते. पण आईला सोडून जाऊ नका. तुम्ही नसलात तर ती कोणाशी बोलणार? तिला तिथे दुसरं कोणी नाही.'

आतली भांडी वाजायची थांबली होती. मालतीबाई दारात, दोन्ही हातांत कप, पुढे येत नव्हत्या, मागे जात नव्हत्या.

श्वेता विचारत होती, मावशी, ऐकताय ना?

मी म्हटलं, ऐकतेय. विचार करून सांगते.