दोन्ही घरांची भीती

२ नोव्हेंबर
कापड्याला, सासरी आलो! मी महाडच्या बौद्धवाडीतली, म्हणून दहा वर्षं बोलावणं फक्त स्वराजला असायचं. आता त्याची बदली इथून जवळच पोलादपूरला झाली आणि सासूबाईंनीच आम्हा तिघांना घरी राहायला बोलावलं. आल्या आल्या दिशाला मांडीवर घेतलं. नऊ वर्षांची घोडी, पण आजी सोडेचना. घरभर नव्या भाताचा वास आहे. मी फार खूश आहे.

९ नोव्हेंबर
जेवता जेवता दिशा अंगणात पळाली. छाती धरून, घामाघूम. म्हणाली, आई, मी मरते. थोड्या वेळाने पुन्हा ठीक. माझं धाबं दणाणलं. माझ्या आईला अगदी असंच व्हायचं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या रक्तात ह्ये नाय गो." आईला फोन केला, तर तीही म्हणे, आपल्यात कुणालाच नव्हतं, त्यांच्याच घरचं असणार. धन्य आहे दोघींची!

१४ नोव्हेंबर
महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय ठणठणीत आहे. ह्याला पॅनिक म्हणतात, उपचारांनी आटोक्यात येतं. थोडा धोका वारशाने येतो, आणि तो निरनिराळ्या देशांतल्या, वंशांतल्या लोकांत बराचसा सारखाच सापडलाय. कुठल्या एका जातीचा नाही. घरी हे सांगताच सासूबाई उठून गेल्या.

१७ नोव्हेंबर
गोठ्यामागे सासूबाई दिसल्या. छाती धरून, घामाघूम, तोंडात पदर कोंबलेला. मला बघून हात जोडले. कुणाला सांगू नको म्हणाल्या. लग्नापासून हे लपवतायत, सासऱ्यांनाही कळू दिलं नाही. मला रडूच आलं. कुठे माझी आई, कुठे ह्या, आणि दुखणं दोघींचं एकच.

२१ नोव्हेंबर
दिशा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेत नाही. तसं व्हायला लागलं की आजीकडे पळते. आजी तिला भाताची पोती ठेवायच्या खोलीत नेते, लोक बघतील म्हणून. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात फडका धरायला शिकवलाय. माझी पोर माझ्यापासून लपते—

२३ नोव्हेंबर, दुपार
भाताच्या झोडणीला माणसं आलीत. दिशा नाही. भाताच्या खोलीला आतून कडी. स्वराजचा फोन लागत नाही.

आत धापा. दोघींच्या. कुठली कुणाची, कळत नाही—

दार बडवलं. सासूबाई आतून, "मानसं हायत गो, गप ऱ्हा—"

आता एकच धाप, जड, म्हातारी. आजीची. दिशा, बाळा, तोंडातला फडका काढ—

माणसांना हाक मारायला हवी. पाय उचलत नाहीत. छाती— मला कधीच नव्हतं हे, कधीच— लिहीत राहिले तर हे ओसरेल— ओरडतेय, आवाज फु